उशी काढून घेणारी मुलगी

प्रश्न:

ताई, आमच्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. तीन आठवड्यांपूर्वी मिरजेला त्यांचा उजवा गुडघा बदलला. शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी घरी फिजिओथेरपी करायला सांगितली. आमच्या विट्यात एक मामा आहेत, एका दवाखान्यात बारा वर्षं वॉर्डबॉय होते. ते रोज येतात, २५० रुपये घेतात. तिळाच्या तेलानं मांडी-पोटरी चोळतात, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकतात, गुडघ्याखाली उशी देतात आणि शेवटी पाय वाकवून घेतात. सासूबाई म्हणतात, मामांच्या हाताला गुण आहे.

माझ्या आग्रहावरून मागच्या सोमवारी एक पदवीधर फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊन गेली. ६०० रुपये घेतले. तिनं तेल लावलं नाही, मशीन आणलं नव्हतं. अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, अगदी रात्री लघवीला किती वेळा उठता इथपर्यंत. पाऊल वर ओढायला लावलं, दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या, बीपी घेतलं. एका प्लास्टिकच्या पट्टीनं गुडघा मोजून कागदावर ‘१२–७०’ असं लिहिलं. तीन व्यायाम दिले आणि जाताना गुडघ्याखालची उशी काढून घेतली. सासूबाई रडकुंडीला आल्या. आमचे हे म्हणतात, ‘सहाशे रुपये गप्पा मारायचे दिले. चार वर्षं कॉलेजात जाऊन शेवटी पायच वाकवायला शिकतात ना? मग मामा काय वेगळं करतात?’ मला काही उत्तर देता आलं नाही. खरंच एवढा फरक असतो का?

– एक सून, विटा


उत्तर:

बाकीचं सगळं नंतर बोलू. आधी एक काम आजच करा. मामांना पोटरी चोळू देऊ नका. मांडीही नको.

गुडघा बदलल्यानंतर पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो. टाके निघाले म्हणून तो संपत नाही, पुढेही काही आठवडे राहतो. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याचं औषध दिलं असेल तर ते याचसाठी. अशी गुठळी झालेली पोटरी चोळली तर ती जागची सुटून थेट फुप्फुसात जाऊन अडकू शकते, आणि मग जिवावर बेतू शकतं. एका पायाची पोटरी दुसऱ्यापेक्षा सुजलेली, ताणलेली, गरम वाटली, तिथे दुखायला लागलं, तर दाबायचं नाही, शेकायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सकाळ होण्याची वाटसुद्धा पाहायची नाही. त्या मुलीनं दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या त्या हे पाहायला.

हे मी इतक्या कळकळीनं का सांगते आहे, तेही सांगते. मी फिजिओथेरपीची इंटर्न होते तेव्हाची गोष्ट. वॉर्डात खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते, मूळचे कोकणातले, गिरणीतून निवृत्त झालेले. सकाळी मी त्यांना वॉकरवर चालवायला गेले. ते म्हणाले, ‘पोरी, पोटरीत गोळा आल्यासारखं झालंय. जरा दाबून दे, मग चालतो.’ मी चादर बाजूला केली, पोटरीवर हात ठेवलासुद्धा. तेवढ्यात आमच्या मॅडम पलंगाच्या पलीकडून आल्या आणि एक शब्द न बोलता त्यांनी माझं मनगट धरलं. ॲप्रनच्या खिशातून टेप काढली, गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पायांना पेनानं खुणा केल्या आणि मोजलं. डावी पोटरी साडेतीन सेंटिमीटरनं जास्त भरली. हाताच्या मागच्या बाजूनं चाचपून पाहिलं, गरम लागत होती. आजोबांना पडूनच राहायला सांगितलं, निवासी डॉक्टरांना बोलावून घेतलं. दुपारी तपासणीत गुठळी दिसली. आजोबा पुढे औषधानं बरे झाले आणि चालत घरी गेले.

मॅडम मला रागावल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, ‘पोटरीतली खोल शीर कुठून कुठे जाते, सांग.’ मला ते धडाधडा येत होतं, पहिल्या वर्षाला पाठच केलं होतं. पण पुस्तकातली ती शीर आणि चादरीखालची ती पोटरी एकच आहे, हे मला त्या दिवशी कळलं. कॉलेजातल्या वर्षांकडे मी तेव्हापासून अशीच पाहते. तिथे आधी ती शीर शिकवतात, मग पेशंटसमोर उभं करतात, आणि तुमचा हात चुकीच्या जागी पडायच्या आत मनगट धरणारं माणूस शेजारी ठेवतात. तुमच्या मामांनी बारा वर्षं वॉर्डात काढली, खूप पाहिलं असणार. पण त्यांचं मनगट धरून ‘का’ ते सांगायला कुणी नव्हतं.

आता त्या अर्ध्या तासाच्या ‘गप्पां’बद्दल.

पाऊल वर ओढा, असं तिनं का सांगितलं? स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून पाहा. बाहेरच्या बाजूला, वाटीच्या जरा खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागेल. त्याला वळसा घालून एक नस पुढे येते. त्या जागी ती कातडीच्या अगदी खाली असते, वर मांसाचं पांघरूण नाही. घट्ट बांधलेल्या पट्टीनं ती दबते, पाय तासन्‌तास बाहेरच्या अंगाला कलंडून पडला तरी दबते. ती दबली की पाऊल वर उचलत नाही, चालताना पंजा जमिनीला घासतो. लवकर लक्षात आलं तर बहुतेकदा सुधारतं. उशिरा कळलं तर महिनोन्‌महिने त्रास. म्हणून फिजिओथेरपिस्ट दर भेटीत हे आधी पाहते. पाहायला दहा सेकंद लागतात, पण पाहायचं असतं हे ठाऊक असावं लागतं.

रात्री लघवीला किती वेळा उठता, हा प्रश्न तुमच्या घरात सगळ्यांना खटकला असेल. मला तो वाचून त्या मुलीबद्दल आदर वाटला. डोळ्यांसमोर आणा: रात्रीचे दोन वाजलेत, सासूबाई अर्धवट झोपेत आहेत. बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला झटकन उठून उभं राहिलं की डोकं हलकं होऊ शकतं. वॉकर भिंतीला टेकवून लांब ठेवलेला. मोरीचा उंबरा, ओली फरशी. नवा गुडघा घेऊन पडणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. ती बीपी पाहत होती, गोळ्या विचारत होती, आणि मनातल्या मनात पलंगापासून मोरीपर्यंतचा रस्ता चालत होती. लघवीला जळजळ होते का, हेही तिनं विचारलं असेल. शरीरात दुसरीकडे कुठे जंतुसंसर्ग असला तर तो रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून. वेदनेची गोळी किती वाजता घेता हे विचारलं असेल, कारण व्यायाम गोळीचा अंमल असताना केला तर जास्त होतो. सकाळची शुगर किती, जेवण किती वाजता, हे विचारलं असेल, कारण उपाशीपोटी व्यायाम केला तर शुगर खाली जाऊ शकते. यातलं एकही गप्पांसाठी नाही. औषधशास्त्र, शरीरक्रिया, मेडिसिन, सर्जरी असे विषय तिला चार वर्षांत शिकवलेले असतात, तिथून हे प्रश्न येतात.

आणि आता तो कागद. ‘१२–७०’.

तुमचं पत्र वाचताना माझं बोट त्या आकड्यावर थांबलं. पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य. सासूबाईंचा गुडघा कितीही सरळ केला तरी १२ अंशांवर अडतो आणि वाकवला तर ७० अंशांपर्यंत जातो, असा त्याचा अर्थ. तीन आठवड्यांनी ७० कमीच आहे, आतापर्यंत ९० च्या आसपास यायला हवं होतं. सपाटीवर चालायला साधारण ६०-६५ अंश पुरतात, जिन्याला ८०-९० लागतात, खुर्चीतून नीट उठायला ९० च्या पुढे. तरीही मला ७० पेक्षा १२ ची जास्त काळजी वाटते. वाकणं नेटानं केलं तर पुढे कितीतरी आठवडे वाढत राहतं. गुडघ्याच्या मागच्या बाजूचं मांस एकदा आखडलं की सरळ करणं मात्र दिवसेंदिवस अवघड होत जातं.

१२ अंश म्हणजे केवढंसं, असं वाटेल. तुमच्या यजमानांना एक प्रयोग करायला सांगा. खुर्चीत बसायला निघाल्यासारखे गुडघे जरासे वाकवून स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभं राहायचं. मांड्या भरून येतील, थरथरायला लागतील. सरळ गुडघ्यावर आपण हाडांच्या आधारानं उभे असतो, मांडीला विश्रांती असते. जराशा वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं तर मांडीला सतत ओढून धरावं लागतं. सासूबाईंचा पाय असाच राहिला तर पोळ्या लाटताना, देवासमोर उभं असताना, एसटीची वाट पाहताना, सगळीकडे त्यांची ही अवस्था होईल. तो पाय आखूड पडल्यासारखा होऊन त्या लंगडतील, मग कंबर धरेल, मग डावा गुडघाही कुरकुरायला लागेल. एवढा खर्च करून, एवढं दुखणं सोसून गुडघा बदलला तो यासाठी नव्हे.

आणि हे १२ कशामुळे राहिले असतील? ऑपरेशनच्या आधीपासून पाय थोडा वाकलेला असेल, सूज आहे, दुखतंय. पण त्यात उशीचा वाटा मोठा आहे, हे मी डोळे मिटून सांगते. सांध्यात सूज असली की गुडघा जरासा वाकवून ठेवल्यावर सगळ्यात बरं वाटतं, कारण त्या स्थितीत सांध्याच्या पिशवीत जागा जास्त असते आणि ताण कमी होतो. म्हणून प्रत्येक पेशंट उशी मागतो आणि माया असलेलं प्रत्येक माणूस ती देतं. मामांनीही मायेनंच दिली असणार. पण रोज सात-आठ तास गुडघा उशीवर वाकलेला राहिला की मागचं मांस त्याच लांबीला जुळवून घेतं. मामा शेवटी दहा मिनिटं पाय वाकवतात, आणि ती उशी उरलेला दिवसभर तिचं काम करत राहते.

म्हणून त्या मुलीनं उशी काढून घेतली. सासूबाई रडकुंडीला आल्यावर, घरातल्या सगळ्यांच्या नजरा अंगावर असताना, पहिल्याच भेटीत, पेशंटला आवडणारी गोष्ट काढून घ्यायला किती धीर लागतो, याचा विचार करा. पेशंटला खूश ठेवायचं असतं तर तिनं दुसरी उशी दिली असती. काय होणार आहे ते तिला दिसत होतं, म्हणून तिला ते करता आलं.

उशीच्या जागी काय करायचं हे तिनं सांगितलंच असेल, तरी मीही सांगते. टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघ्याखाली पोकळी राहील आणि पाय आपल्याच वजनानं सरळ होत जाईल. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा, दिवसातून तीन-चार वेळा. तशाच स्थितीत गुडघा खाली गादीकडे दाबायचा, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दुखेल, पण सोसण्याइतपत. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर जरा कमी करायचं आणि तिला फोन करायचा.

मांडी घट्ट करण्याचा हा व्यायाम इतका साधा दिसतो की घरोघरी त्याला कुणी किंमत देत नाही. पण सांध्यात सूज असताना मांडीच्या पुढच्या स्नायूला वरून येणारा हुकूमच कमी होतो. तो स्नायू फाटलेला नसतो, ऑपरेशनची जखम बरी होत असते, तरी तो झोपल्यासारखा पडून राहतो. वरून कितीही तेल जिरवलं तरी तो जागा होत नाही, पेशंटनं स्वतः ओढल्यावर होतो. चोळून घेताना सासूबाईंना जे बरं वाटतं ते खोटं नाही, पण त्यात त्यांच्या पायानं काहीच केलेलं नसतं.

शेकाचंही तेच. सूज आहे, गुडघा हाताला गरम लागतोय, तोवर गरम पिशवी नको. कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं, व्यायामानंतर. ऑपरेशनच्या खुणेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बऱ्याच जणींची काही महिने बधिर असते, आणि त्यात शुगर असली तर पायाची जाणीव आधीच कमी झालेली असू शकते. अशा कातडीवर गरम पिशवी ठेवली तर भाजलेलं कळतसुद्धा नाही, फोड आल्यावर कळतं. बर्फही याच कारणानं उघड्या कातडीवर ठेवायचा नाही. खुणेतून पाणी यायला लागलं, लाली वाढली, ताप आला, तर फिजिओथेरपिस्टची वाट न पाहता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा.

तुमच्या यजमानांच्या वाक्याकडे येते. ‘चार वर्षं कॉलेजात जाऊन शेवटी पायच वाकवायला शिकतात ना?’ त्यांचा मला राग नाही. बाहेरून पाहिलं तर तसंच दिसतं. पाय वाकवायला एका दुपारी शिकता येतं. तुम्हाला मी फोनवर शिकवीन.

आपल्याकडे आज काम करणाऱ्या बहुतेकींची ही पदवी, बी.पी.टीएच., साडेचार वर्षांची आहे, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम, प्रवेशाला ‘नीट’ परीक्षा. पहिल्या वर्षी शरीररचना, आणि ती मृतदेहावर शिकायची. मला अजून आठवतं, ढुंगणातून मांडीत उतरणारी ती मोठी नस पहिल्यांदा चिमटीत धरली तेव्हा करंगळीएवढी जाड लागली होती. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात नस, शीर आणि रोहिणी एकावर एक किती दाटीनं जातात, ते तिथे पाहिलं. त्या दिवसानंतर कुणाच्या गुडघ्यामागे बोटं दाबताना माझा हात आपोआप हलका पडतो. पुढच्या वर्षांत रोग कसे होतात, औषधं काय करतात, हाडं, मेंदू, हृदय, फुप्फुसं, लहान मुलं, बाळंतिणी. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या माणसाची छाती मोकळी करणं, भाजलेल्या माणसाचा हात आखडू न देणं, अर्धांगवायू झालेल्या माणसाला पलंगावर कुशीला वळवणं. हे सगळं करून आलेली मुलगी तुमच्या ओसरीवर एका गुडघ्यासाठी येते. तिला गुडघा दिसतोच, पण गुडघ्याभोवतीचं अख्खं माणूसही दिसतं.

हे शिक्षण सुरू झालं तेही गरजेपोटीच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. वाचलेली मुलं लुळे पाय घेऊन घरी जात होती. पोलिओ एक स्नायू घेतो आणि शेजारचा सोडतो. त्यामुळे एकेक स्नायू वेगळा तपासून, त्याची ताकद शून्य ते पाच अशी मोजून, वहीत लिहून, मग ठरवावं लागतं की कुठल्याला व्यायाम द्यायचा, कुठल्याला आधार, कुठल्याला आत्ता हात लावायचा नाही. ते काम नुसत्या चोळण्यानं होणारं नव्हतं. त्याच सुमारास परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीची शाळा निघाली, देशातली पहिली. आजच्या महाराष्ट्रातल्या सगळ्या फिजिओथेरपी कॉलेजांची ती थोरली बहीण. तुमच्या घरी कागदावर ‘१२–७०’ लिहून जाणारी मुलगी त्याच मोजून-लिहून ठेवण्याच्या शिस्तीत वाढलेली आहे. आकडा लिहिलेला असला की पुढच्या भेटीत सुधारणा झाली की नाही हे कुणाच्या वाटण्यावर राहत नाही.

एक प्रसंग थोडक्यात सांगते, कारण तुमच्या घरात उद्या दुसऱ्या कुणाची कंबर धरली तर उपयोगी पडेल. ऊसतोडीला जाणारी एक बाई पाठदुखीसाठी आमच्याकडे आली होती. चार महिने ती एकाकडून पाठ चोळून घेत होती, दोनदा मणकासुद्धा ‘बसवून’ घेतला होता. माझ्या विद्यार्थिनीनं तिला विचारलं, संध्याकाळी कणकण येते का? येते. वजन उतरलं का? लुगडं सैल झालंय. रात्री झोपल्यावरही दुखतं का? हो. त्या मुलीनं पाठीला एकही झटका दिला नाही, व्यायाम दिला नाही, चिठ्ठी लिहून तिला डॉक्टरांकडे पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. आणखी एकदा जोरात मणका ‘बसवला’ असता तर पाय गेले असते. त्या दिवशी आमच्या मुलीनं उपचार म्हणावा असं काहीच केलं नाही, आणि मला तिचा जितका अभिमान वाटला तितका क्वचित कुणाचा वाटला असेल.

आता मामांबद्दल. त्यांना तोडून बोलू नका. बारा वर्षं पेशंट उचललेला माणूस आहे. जड माणसाला पलंगावरून कसं बसतं करायचं, वॉकरजवळ कसं उभं राहायचं, घाबरलेल्या बाईला कसा धीर द्यायचा, हे त्यांना येत असणार, आणि सासूबाईंचा त्यांच्यावर विश्वास आहे. तो विश्वास फुकट घालवू नका. पुढच्या भेटीला त्या मुलीला आणि मामांना एकाच वेळी बोलवा. टॉवेल कसा ठेवायचा, किती वेळा, कुठे थांबायचं, हे ती मामांना दाखवील. मामांनी तिनं सांगितलेलं तेवढंच करायचं. मी कितीतरी घरांत हे केलं आहे, आणि मानानं विचारलं तर बहुतेक मामा-मावश्या मनापासून शिकतात.

पैशांचा हिशेब तुमच्याच आकड्यांनी करू. मामा रोज २५० म्हणजे आठवड्याचे १,७५०. ती मुलगी आठवड्यातून दोनदा आली तर १,२००. व्यायाम रोज तीन-चार वेळा करायचा आहे, त्यासाठी कुणालाच पैसे द्यायचे नाहीत, सासूबाईंनीच करायचा आहे आणि तुम्ही शेजारी बसून आकडे मोजायचे आहेत. गुडघा सरळ व्हायला लागला की ती स्वतःच आठवड्यातून एकदा पुरे म्हणेल. मामांना चालवण्यापुरतं, गरज लागेल तेव्हा बोलवा.

पदवी असली म्हणजे झालं, असंही मी म्हणणार नाही. पदवी घेऊन बसलेले काहीजण पेशंटला वीस मिनिटं मशीन लावून पलीकडच्या खोलीत निघून जातात, रोज तेच, महिनाभर तेच. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण शिकलेलं सगळं असूनही ते वापरत नाहीत. तुमच्या बाबतीत तर सांगूनच ठेवते, आत धातूचा सांधा आहे, त्यामुळे कुणी शॉर्टवेव्ह डायथर्मीचं गरम मशीन त्या गुडघ्याला लावायचं म्हणालं तर सरळ नको म्हणा. चांगली फिजिओथेरपिस्ट ओळखायला फार लागत नाही: ती आधी विचारते, कपडा बाजूला करून नीट पाहते, मोजून लिहिते, पुढच्या वेळी आधीचा आकडा काढून बघते, आणि आपल्या हातातलं नसेल तेव्हा डॉक्टरांकडे पाठवते. पदवी कुठली आणि महाराष्ट्राच्या परिषदेतला नोंदणी क्रमांक काय, हे विचारायला लाजू नका. २००२ च्या कायद्यानं आपल्या राज्यात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे, २०२१ साली देशपातळीवरही कायदा झाला. खरी शिकलेली मुलगी या प्रश्नानं रागावत नाही, उलट तिला बरं वाटतं. पाच-सहा महिन्यांचा कोर्स करून ‘फिजिओ’ची पाटी लावणारा मात्र विषय बदलतो.

सासूबाईंची समजूत तुम्हालाच काढावी लागेल. उशी नाही म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री झोप नीट लागणार नाही. त्यांना रागवू नका, आणि गपचूप उशी परतही देऊ नका. पोटरीपासून टाचेपर्यंत संपूर्ण पाय उंच ठेवला तर सूज उतरते आणि जरा आरामही पडतो, फक्त गुडघा एकट्यानं वर यायला नको. झोपायच्या आधी बर्फ लावा. रात्री वॉकर पलंगाला टेकून ठेवा, मोरीपर्यंतचा दिवा चालू ठेवा, खाटेशेजारी कमोडची खुर्ची मिळाली तर काही आठवड्यांसाठी आणाच.

येत्या सोमवारी ती मुलगी पुन्हा पट्टी लावून मोजेल. यजमानांना त्या वेळी शेजारी उभं करा आणि कागदावरचा नवा आकडा त्यांनाच वाचू द्या. त्या १२ चे किती झाले, ते मला कळवा.